कशातच नसलेले पाध्येसर

पाध्येसर आमच्या आळीच्या वाचनालयातला पेपर रोज वाचत, पण बाहेर उभं राहून. आत पाऊल टाकलं की दारातल्या वहीत सही करावी लागे आणि सरांना सही नको असे. तेव्हा ते रस्त्याकडच्या खिडकीचे गज धरून उभे राहत आणि मी, म्हणजे वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस, आतून पेपर धरून बसे. पान संपलं की ते बोटानं गज वाजवत. "उलटा." मी उलटत असे. आत बाकं रिकामी पडलेली आणि हा साठीचा माणूस एका हातात छत्री धरून भर पावसात अग्रलेख वाचतो आहे, हे दृश्य मी कित्येक वर्षं पाहिलं.

रत्नागिरीत राहून कशाचाही सभासद न झालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे तीन माणसं ओट्यावर बसली तर चहा येईपर्यंत मंडळ स्थापन होतं. नाट्यमंडळ, भजनीमंडळ, दूध सोसायटी, झाडून सगळे सरांच्या दारी जाऊन आले. सगळ्यांना एकच उत्तर. "मी कशातच नाही हो."

माणूस चिकट म्हणावा तर तसंही नाही. फणस द्यायचे, नारळ द्यायचे, उत्सवाला पैसे द्यायचे; पावती फाडायला लागलं की हात आडवा. "लेखी नको." एका वादळात खालच्या वाडीची घरं उघडी पडली, तेव्हा सर तीन दिवस डोक्यावरून कौलं वाहत होते. पुढं आभाराची सभा झाली. मदत करणाऱ्यांची नावं वाचायला सुरुवात झाली आणि 'प' येण्याआधी सर मागच्या दगडी गडग्यावरून उडी टाकून पसार झाले. पाय मुरगळला तो महिनाभर. लग्नाच्या याद्यांवर सह्या करायची वेळ आली तेव्हा जे उठले ते परत बसलेच नाहीत, म्हणून बिनलग्नाचे राहिले, असंही आळीत बोलत. खरंखोटं देव जाणे.

आणि हा माणूस अमेरिकेत शिकून आलेला! ऐन तरुणपणी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, शिष्यवृत्तीवर तिकडे गेले आणि वनस्पतिशास्त्रातली मोठी पदवी घेऊन आले. अमेरिकेचं विचारलं की लोकांना वाटे, आता उंच इमारती येणार. सर सांगत ते भलतंच. "तिथं कुस्तीगिराला आखाड्यात उतरण्याआधी लिहून द्यावं लागे, की मी कम्युनिस्ट नाही. एका बॉल खेळणाऱ्या टीमच्या नावात 'लाल' होतं, ते घाबरून बदललं. शाळेत घंटा वाजली की पोरं बाकाखाली. का? तर रशियाचा बाँब पडेल. बाकानं बाँब अडतो हो?" आम्ही पोट धरून हसत असू. सर हसत नसत. एवढा बलाढ्य देश आणि शेजारी कुठलं पुस्तक वाचतो ते पडद्याआडून बघतो, हे आम्हाला गमतीचं वाटे. आम्ही मूर्ख होतो, दुसरं काय.

त्यातला सर्वात मोठा मूर्ख मी. एका वर्षी सरकारी अनुदानाला एक सभासद कमी पडत होता. मी रजिस्टर आणि पेन गजांतून बाहेर सरकवलं आणि म्हटलं, "सर, एक सही करा. कम्युनिस्ट पक्षात नाही घालत तुम्हाला!"

सरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, चक्कर येते आहे. मी बाहेर धावणार तोच ते म्हणाले, "आतच थांबा. तुम्ही आत असलात तर मला सांगता येईल."

मग गजाकडे बघत त्यांनी सांगितलं. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यापाशी ओव्हरकोट नव्हता. वॉल्टर नावाच्या एका तरुण प्राध्यापकानं आपला काढून दिला. शनिवारी घरी नेई. तिथं पाचसहा जण जमत, पुस्तकं वाचत, वाद घालत. सर भात करून घालत. "काय वाचत होतो ते धड आठवतसुद्धा नाही हो. मी भाताकडे बघत होतो."

एक दिवस कम्युनिस्ट हुडकणारे, हॅट घातलेले दोघे सरकारी अधिकारी सरांच्या खोलीवर आले. फार सभ्य. पदवीला किती अवकाश आहे, परत पाठवलं तर घरचे काय म्हणतील, असं मायेनं विचारलं. मग विचारलं, शनिवारी कुठे जाता? सरांनी सांगितलं. कोणाच्या घरी, तेही सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि खाली सरांची सही घेतली. पुढच्या महिन्यात वॉल्टरच्या विद्यापीठातल्या दारावरची पाटी गेली. वॉल्टरची नोकरी गेली. सरांना पदवी मिळाली.

"मारलं नाही, धमकावलं नाही," सर म्हणाले. "नुसतं विचारलं हो. त्याला पुढं कुठं वर्ग मिळाला का, एवढं कळलं तरी पुरे. मला वाटतं मिळाला असेल. एवढा मोठा देश."

"मग विचारा की लिहून."

"लेखी?"

दोन महिने मी त्यांच्या मागं लागलो. शेवटी दिवाळीनंतर त्यांनी त्या विद्यापीठाला पत्र लिहिलं. आपण काय केलं तेही त्यात लिहिलं, पूर्ण नावानिशी सही केली. त्यानंतर सरांचं पेपर वाचणं सुटलं. ते पोस्टमनची वाट बघत बसत. शिमगा आठवड्यावर आला असताना पाकीट आलं. ते त्यांनी गजांतून माझ्याकडे दिलं. "तुम्ही वाचा. मोठ्यानं नको."

विद्यापीठानं पत्र वॉल्टरच्या मुलीकडे पाठवलं होतं आणि उत्तर तिचं होतं. वडिलांना नंतर कुठल्याच कॉलेजनं घेतलं नाही. त्यांनी हयातभर रंगाच्या दुकानात काम केलं. पाच वर्षांपूर्वी वारले. भात करणाऱ्या भारतीय मुलाची आठवण ते नेहमी काढत. आपलं नाव कोणी दिलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा संशय आपल्या सख्ख्या भावावर होता. त्या भावाशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. तोही आता नाही.

शेवटी तिनं लिहिलं होतं, तुम्हाला काय लिहावं ते मला सुचत नाही.

मी सरांना सगळं सांगितलं. एखादं वाक्य गाळायला हवं होतं, भावाचं तरी. अजूनही मनाला लागतं ते. सर "बरं" म्हणाले आणि गेले.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी आळीत आली. दरवर्षी सर लांबून नमस्कार करून आत जात. त्या वर्षी नारळ घेऊन अंगणात उभे होते. घरोघरी गाऱ्हाणं घालायचं तसं इथं घालावं म्हणून आमचा म्हातारा गुरव पुढं झाला. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव सगळ्यांदेखत घ्यायचं, ही आमची रीत.

"कोनासाटी घालूचा, सर?"

"वॉल्टर."

गुरवानं ते दोनदा तोंडात घोळवलं. "गाव?"

"अमेरिका."

"चाकरमानी हाय म्हना की. त्याला काय झाला?"

"नोकरी गेली." सरांचा आवाज स्वच्छ होता. "माझ्यामुळं गेली. ती परत मिळावी."

गुरवानं मान हलवली. त्याच्या लेखी हे रोजचं मागणं होतं. मुंबईला गिरण्या बंद पडल्यापासून घराघरातून तेच मागत होते. मी पुढं होऊन काही सांगणार होतो. काय सांगणार होतो? गुरवानं नारळ वर धरला आणि खणखणीत सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा! ह्यो तुजा लेकरू वॉल्टर, अमेरिकेस ऱ्हातो. त्याची गेलेली नोकरी त्याला परत मिलू दे!"

"व्हय म्हाराजा!" आख्खी आळी ओरडली.

"त्याच्या भावाबंदांत गोडी ऱ्हाऊ दे!" हे तर तो प्रत्येकाच्याच गाऱ्हाण्यात म्हणे.

"व्हय म्हाराजा!"

"पुडल्या शिमग्याला त्याला सुखरूप हितं आन!"

मेलेल्या माणसाला नोकरी देणं कुठल्याच देवीच्या हातात नाही, हे मला ठाऊक होतं. सरांना तर होतंच. तरी सर डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडले, आणि त्यांच्या शेजारी मीही ओरडलो.