प्रेसशॉपमधले सगळे साहेब

निघोजे गावालगतच्या एका कारखान्यात मोटारींचे पत्रे ठोकले जातात. तिथल्या प्रेस मशीनवर हात अडकला तर ती थांबवणारा सेन्सर नव्हता. शेजारच्या मशीनवरच्या ज्योतीरामची दोन बोटं गेली, तेव्हा ऑपरेटर बुद्धरत्नने सेन्सर मागितला. एकट्याने मागितलं की ती कुरकुर ठरते, असं कळल्यावर त्याने युनियन काढायचं ठरवलं आणि सगळं प्रेसशॉप सह्या करायला तयार झालं.

कंपनी सुसंस्कृत होती. एचआरच्या मिनल मॅडमनी कुणाला दम दिला नाही की कुणाची बदली केली नाही. त्यांनी सगळ्या ऑपरेटरांना सहायक व्यवस्थापक करून टाकलं.

"युनियन कामगारांची असते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आता साहेब. अभिनंदन."

"पण मॅडम, काम तर तेच आहे," बुद्धरत्न म्हणाला.

"मग तुम्ही साहेब की कामगार, त्याचा निकाल कोर्ट देईल. घाई आम्हाला नाही."

देहूरोडला बुद्धरत्नच्या आईने, सोजरबाईने, गल्लीभर पेढे वाटले. "आपल्या घरात कुणाला साहेब म्हणलं नव्हतं रे," म्हणत तिने डोळे पुसले. बुद्धरत्नला चीड येत होती आणि, खोटं कशाला बोला, छातीही फुगत होती.

त्याने पुन्हा सेन्सरचा विषय काढला. मॅडमना खरोखर नवल वाटलं.

"मागताय कुणाकडे? व्यवस्थापन तुम्हीच. बैठक घ्या, ठरवा."

मग नव्या साहेबांची बैठक भरली. उत्पादनाचं टार्गेट आता त्यांच्याच डोक्यावर होतं. सुरक्षा विभाग आता ज्योतीरामकडे दिला होता, म्हणून पहिल्यांदा तोच बोलला.

"भावा, सेन्सरनं लाइन सारखी थांबणार राव. टार्गेटचं काय?"

प्रस्ताव एकमताने बारगळला. बुद्धरत्ननेही हात वर केला होता.

पुढच्या महिन्यात तोच हात मशीनखाली गेला. चौकशी अगदी निष्पक्ष झाली. सेन्सर न बसवण्यास जबाबदार अधिकारी बुद्धरत्न, असा निष्कर्ष निघाला, आणि साहेब असल्यामुळे त्याने तो डाव्या हाताने सही करून मान्य केला.

वाचकहो, तुम्हाला त्याची कीव आली असेल. बिचाऱ्याला साहेब करायला कंपनीला केवढी यातायात पडली. तुमच्याआमच्या बाबतीत तीही पडली नाही. आपण नोकरीला लागलो तेच साहेब म्हणून, आणि युनियन मागायचं कधी मनातही आलं नाही.