चंद्रीची लोकर

फुलाबाईनं दुपारी लोकर विंचरायला घेतली आणि तिसऱ्याच ओढीला तिचा हात थबकला.

तिच्या दोन्ही हातांत लोखंडी दातांच्या फण्या होत्या. एका फणीवर लोकर अडकवायची, दुसरीनं हलकेच ओढायची. आखूड केस मागं राहतात आणि लांब, मऊ पदर हाती येतो. सून प्रियदर्शनी पोटुशी होती. येणाऱ्या बाळाला आजीच्या सुताची घोंगडी हवी, म्हणून तिनंच अक्कलकोटकडच्या चनबसप्पा नावाच्या मेंढपाळाकडून लोकर मागवली होती.

फुलाबाईनं बट खिडकीशी धरली. काळी, पण टोकाला तांबूस. विंचरून सरळ केली तरी पुन्हा वळणारी, सासरी निघालेली लेक मागं वळून बघते तशी.

"प्रियदर्शनी, ही चंद्रीची लोकर हाय."

प्रियदर्शनीच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. चंद्री म्हणजे फुलाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी. कळप दिराच्या हवाली करून भवानी पेठेत लेकाकडं यायच्या आधी तिला लांडग्यानं नेलं, असं तिच्या नवऱ्यानं, येडूनं, तिला सांगितलं होतं. तेव्हा कितीतरी दिवस फुलाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"आत्या, काळी मेंढरं काय थोडी हायत व्हय?"

"तुझ्या लेकराचं जावळ तू वळखणार न्हाईस? आन् ही कातरण औंदाची हाय, हात लावून बघ. लांडग्याच्या पोटात लोकर वाढती का?"

सुनेनं बट बोटांत धरून बघितली.

"चोर हाय त्यो चनबसप्पा," फुलाबाई म्हणाली. मग तिची नजर सुनेवर बारीक झाली. "तुला त्येचा नंबर कुनी दिला?"

"मामांनी. लोकर कुटं मिळंल म्हनून इचारलं, तर लगेच दिला की."

दोघींनी खाटेकडं पाहिलं. येडू घोरत होता. मघापर्यंत तो घोरत नव्हता.

"आवं."

घोरणं वाढलं.

"आवं, वळख कुटली तुमची त्या चनबसप्पाची?"

"बाजारातली," येडू डोळे मिटूनच म्हणाला. "झोपू दे की. लोकर ती लोकर. सूत काडून मोकळी हो."

"लाव गं फोन. पोलिसात जाते म्हनावं."

"पोलीस कशाला?" येडू ताडकन उठून बसला. "म्हातारपनी चौकीची पायरी चडायची व्हय? गरीब मानूस हाय त्यो."

"गरीब हाय ते ठावं हाय, मग चोर हाय का न्हाय ते बी ठावं आसंल."

प्रियदर्शनीनं फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेच्या कडेला ठेवला.

"चनबसप्पा, माजी चंद्री तुज्याकडं हाय का?" फुलाबाईनं विचारलं. शिवी द्यायचं ठरलं होतं, ती राहूनच गेली.

"हाय की अक्का. लई गुनाची. येडूमामांनीच दिली न्हवं का? वर म्हनले, आमच्या हिला सांगू नगं."

येडू आपल्या पायाची नखं निरखू लागला.

"का दिली रं?"

"आता कसं सांगू, अक्का. मामा दिसले की ती ढुशी मारायची. कळपातच शिरू द्यायची न्हाय. एकदा म्हनं मामांनाच बाभळीवर बसवून ठेवलं हुतं. चार मान्सांनी बघितलं, मग लाजंकाजंनं दिली."

सुनेनं पदर तोंडात कोंबला. फुलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस आणि त्याला एका मेंढीनं झाडावर चढवलं.

"जित्ती हाय, त्येवडं बास झालं," ती हळू म्हणाली. "चनबसप्पा, फोन जरा तिच्या कानाला लाव रं."

पलीकडं घुंगरू वाजलं. फुलाबाई फोनवर वाकली आणि पिल्लाला बोलवायची तशी जिभेनं टचटच करून म्हणाली, "चंद्रे, ये गं बाय."

मग फोनमधून असा काही खणखणीत 'बँऽऽ' आला, की येडूनं दोन्ही पाय झटक्यानं खाटेवर ओढून घेतले.

"मामा, फोन हाय त्यो," प्रियदर्शनी म्हणाली.

"म्हाईत हाय मला," येडू म्हणाला. पाय मात्र त्यानं खाली सोडले नाहीत.