क्रीडेला 'क्र' उरला नाही

मोठ्या खिळ्यांच्या पेटीत 'क्र' दोनच होते.

खिळे म्हणजे टाइप. पण 'सोन्नलगी-वार्ता' साप्ताहिकाच्या छापखान्यात 'टाइप' म्हणायची सोय नव्हती. मागच्या दसऱ्याला संपादक यज्ञेश्वरपंतांनी वाचनालयात भरसभेत सांगितले होते, की आपल्या पत्रात ज्या दिवशी एक इंग्रजी शब्द छापून येईल, त्या दिवशी आपण या खुर्चीवरून उठू. टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून छापखान्यात निबाला टोक म्हणत, कंपाझिटरला जुळारी म्हणत आणि स्टुलाला 'ते' म्हणत. कारण स्टुलासाठी पंतांना अजून शब्द सापडला नव्हता.

१९३२ च्या ऑगस्टातल्या त्या शनिवारी पंतांच्या मुंबईच्या भाच्याची तार आली. अमेरिकेत भरलेल्या ऑलिम्पिकमध्ये हिंदुस्थानने हॉकीत खुद्द अमेरिकेला चोवीस-एक असे हरवले होते. तार वाचून पंत दोनदा उठले आणि दोनदा बसले. मग त्यांच्या लक्षात आले, की या एवढ्या आनंदात छापण्याजोगे शब्द दोनच आहेत: हिंदुस्थान आणि अमेरिका.

ते कामाला लागले. ऑलिम्पिकचा झाला जागतिक क्रीडामहोत्सव. टीमचे झाले पथक. हॉकीची काठी टोकाला वाकडी, म्हणून वक्रदंड. गोल म्हणजे द्वार. गोल करणे म्हणजे द्वार भेदणे. गोलकीपरचा द्वारपाल झाला तेव्हा तर त्यांना स्वतःचे इतके कौतुक वाटले, की पानाला चुना जास्त लागला. भाजलेली जीभ सांभाळत त्यांनी मजकूर जुळारी रेवणप्पाच्या हाती दिला आणि ते जेवायला घरी गेले.

तासाभराने रेवणप्पा मालकांसमोर, गुरुबसप्पांसमोर, उभा राहिला.

"मालक, मोट्या खिळ्यात क्र दोनच हायती. एक वक्रदंडात गेला, एक पराक्रमात. क्रीडेला उरला न्हाय."

"मग क्रीडा काढ की," गुरुबसप्पा म्हणाले. "पराक्रम म्हत्त्वाचा."

क्रीडा निघाली, म्हणजे मथळ्यातली 'जागतिक क्रीडामहोत्सवात' ही सर्वांत वरची ओळच निघाली. अंक निघाला तो असा:

हिंदी वीरांचा पराक्रम
वक्रदंडधारी पथक अमेरिकेत घुसले
चोवीस वेळा द्वार भेदले, द्वारपाल हतबल

खाली बारीक खिळ्यांत अकरा वीरांची चढाई होती आणि शत्रुपक्षाची दाणादाण होती. हा खेळ आहे, हे मात्र कुठेच नव्हते. ते काम पंतांनी मथळ्यावर सोपवले होते. द्विरुक्ती त्यांना इंग्रजीखालोखाल नावडे.

रविवारी सकाळी सात वाजता अंक मंगळवार पेठेत पोचला. साडेसातला युद्ध सुरू झाले.

आपले लोक तिथवर गेले कसे, असे चहाच्या दुकानात एकाने विचारले. दुसऱ्याने जहाजाचा रंगसुद्धा सांगितला. काठ्या वाकड्याच का, यावर एका कापडवाल्याने खुलासा केला, की सरळ काठ्यांवर सरकारची बंदी आहे. कुंभारीहून बाजाराला निघालेल्या दोन बैलगाड्या बाजार सोडून छापखान्यासमोर येऊन थांबल्या. कुणी पेढे वाटले. कुणासाठी ते नक्की नव्हते, पण संपले.

नऊ वाजता तालमीचे वस्ताद अण्णाराव अकरा पैलवान घेऊन आले. प्रत्येकाच्या खांद्यावर काठी, आणि प्रत्येक काठीचे टोक चुलीवर शेकून वाकवलेले.

"संपादक, फुडच्या तुकडीत आमची नावं घाला," ते म्हणाले. "फकस्त जहाज लागतंय का, तेवढं सांगा. आमच्या पोरांस्नी पाणी सोसत न्हाय."

पंतांनी अंक पाहिला. मथळ्याच्या वर पाहिले. तिथे कोरा कागद होता.

गुरुबसप्पा मात्र रस्त्याकडे पाहत होते. दोन वर्षांपूर्वी, मार्शल लॉच्या दिवसांत, या छापखान्याला चार महिने कुलूप होते. ते चार महिने रेवणप्पा मोडनिंबला सासऱ्याच्या शेतात शेंगा तोडत होता. आणि आता गर्दी बाजूला सारत फौजदार येत होते. त्यांच्या काखेत अंक होता. मागच्या शिपायाच्या हातात कुलूप होते.

फौजदारांनी वही उघडली. "हे पथक कुणाचं?"

"हिंदुस्थानचे," पंत म्हणाले.

"कुणाच्या हुकमानं गेलं?"

"सरकारच्याच अनुमतीने."

"अमेरिकेशी सरकारचं काही वाकडं नाही."

"वाकडा केवळ दंड आहे."

फौजदारांनी अंकातल्या मथळ्यावर बोट ठेवले. "चोवीस वेळा काय फोडलंत?"

"फोडले नाही, भेदले. द्वारातून कंदुक आत घातला."

"बंदूक?"

"कंदुक."

"तेच विचारतोय. किती?"

"एकच असतो. वाटोळा. दंडाने ढकलत ढकलत न्यायचा."

फौजदारांची पेन्सिल चालू लागली.

हत्यारे: वाकडे दंड, अकरा. बंदूक, एक. संपादक सांगतो, बंदूक वाटोळी असून ती काठीने ढकलत नेतात. संपादकाची प्रकृती तपासून घ्यावी.

त्यांनी दाराबाहेर नजर टाकली. अकरा पैलवान, अकरा वाकड्या काठ्या. त्यांनी पुढची ओळ लिहिली: पथक पाहिले.

गुरुबसप्पा पंतांच्या कानाशी वाकले. "पंत, पाया पडतो. एक शब्द हाय. त्यो म्हणा आन् सगळ्यांस्नी सोडवा."

कोणता शब्द ते पंतांना ठाऊक होते. तो कालपासून त्यांच्या जिभेच्या टोकाशी बसून होता, चुन्याने भाजलेल्या जागेवरच. त्यांनी ओठ मिटून घेतले. शिपायाने कुलूप कडीला लावून पाहिले. नीट बसत होते. कोपऱ्यात रेवणप्पा एकेक खिळा पुसून पेटीत ठेवत होता. लांबच्या गावाला जाण्याआधी माणूस भांडी आवरतो तसा.

"हाकी," पंत म्हणाले.

शब्द बाहेर पडला, पण त्यातला 'ऑ' उच्चारायला जीभ काही तयार झाली नाही.

पेन्सिल थांबली. "काय म्हणालात?"

"हाकी. त्या... हाकीत हरवले आपण अमेरिकेला."

"हॉकी? चोवीस? आणि त्यांचा एक?" फौजदार 'ते'वर बसले. "अहो, नाशकाला शिकत होतो तेव्हा लेफ्ट आउट खेळायचो मी. वर्षभरात चोवीस झाले नव्हते आमचे." त्यांनी अंक पुन्हा पहिल्यापासून वाचला, आता मोठ्याने, आणि दर ओळीला मांडीवर थाप मारली. द्वारपालापाशी तर त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. शिपायाला त्यांनी हॉकी समजावली, शिपायाने पैलवानांना. कळल्यावर पैलवान जरा हिरमुसले, पण चोवीस हा आकडा खेळातही लहान नाही असे अण्णारावांनी ठरवले आणि रस्त्यावर पुन्हा जल्लोष झाला.

फौजदार उठले. कुलूप त्यांनी परत पाठवले, पण हुकूम दिला: गावाचा गैरसमज तीन वाजायच्या आत दूर झाला पाहिजे. पुरवणी काढा. वर ठळक अक्षरांत 'हॉकी' छापा.

सगळ्यांना एकदमच दसरा आठवला.

"ह हाय. की हाय," रेवणप्पाने मदतीच्या भावनेने सांगितले. "ह्याला क्र लागत न्हाय."

गुरुबसप्पांनी मान खाली घातली. पंतांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. अकरा वर्षे ते या खुर्चीत बसत होते. तिच्या वेतात त्यांच्या आकाराचा खळगा पडला होता. ते निम्मे उठले.

बाहेर कुंभारीचा गाडीवान गुंडा गर्दीतून वाट काढत होता. पंत तसेच, निम्मे उठलेले, खिडकीतून त्याच्याकडे पाहत राहिले.

"रेवणप्पा, तो काय करतो आहे?"

"गाडी हाकतोय की."

"कशाने?"

"काठीनं."

"मग चेंडू ज्या काठीने हाकतात, तिला काय म्हणावे?"

रेवणप्पाने मालकांकडे पाहिले. मालकांनी फौजदारांकडे पाहिले.

"हाकी," पंतच म्हणाले. "हाकणे, हाकतो, हाकी. शब्द आपला आहे. साहेबाने नेला आणि तोंड वाकडे करून परत आणला, एवढेच." आणि ते पुन्हा खाली, त्या खळग्यात, नीट बसले.

फौजदारांनी पेन्सिल कानामागे खोचली. "आणि गोल?"

"गोल तर संस्कृतच. चेंडू गोल, म्हणून गोल."

तीन वाजायच्या आत पुरवणी निघाली.

हाकीत हिंदुस्थान अजिंक्य
अमेरिकेवर चोवीस गोल, आपल्यावर एक

पहिली प्रत अण्णारावांनी घेतली. बोट फिरवत फिरवत त्यांनी ती दोनदा वाचली, काठी भिंतीला टेकवली आणि आत आले.

"म्हंजी पंत, काठीबी आपली आन् शब्दबी आपला?"

"निःसंशय."

"मग ह्यो एक गोल आपल्यावर कसा बसला?"

पंतांनी प्रत हातात घेतली. चष्मा काढून त्यांनी तो एक आकडा पाहिला, मग चष्मा लावून पाहिला.

"मुद्रणदोष असेल," ते म्हणाले.