बातमीपुरती माती

बिल्डरने बावखलात मातीचा पहिला डंपर ओतला तेव्हा व्हिन्सेंट लोपीस दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून ते वाडीत धावले. डंपरवाल्याने त्यांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा डंपर ओतला.

वसईजवळच्या उमेळ्यातलं ते बावखल, म्हणजे वाडीतलं जुनं तळं, अर्धं व्हिन्सेंटच्या जागेत होतं आणि अर्धं शेजारच्या. शेजारची जागा बिल्डरने घेतली होती, आणि आपलं अर्धं आपण बुजवणार असं त्याचं म्हणणं होतं. अर्धं तळं बुजवल्यावर उरलेल्या अर्ध्यात पाणी कसं थांबणार, हे समजावून सांगताना टपालखात्यातून निवृत्त झालेल्या या शांत माणसाचं डोकं फिरायची वेळ आली. त्यांची केळी त्या पाण्यावर होती, पानवेल त्या पाण्यावर होती, घरच्या विहिरीचं पाणी गोडं होतं तेही त्याच्याच कृपेने. कचेरीत अर्ज घेऊन जावं तर साहेब मीटिंगला गेलेले असत.

"टीव्हीवाल्यांना बोलवा," त्यांचा पुतण्या फ्लॉईड म्हणाला. तो गोखिवऱ्याला कारखान्यात कामाला होता आणि जगाची माहिती आपल्यालाच आहे असं समजत असे. त्यानेच कुठूनसा एका चॅनेलचा नंबर मिळवला. बुधवारी येतो, असं चॅनेलने कळवलं.

आणि इथेच घोटाळा झाला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरनी सूचनांमध्ये ही बातमी सांगून टाकली. गावात पाहुणे येणार म्हटल्यावर उमेळेकर स्वस्थ बसतील तर शपथ. मंगळवारी सगळा गाव खराटे घेऊन बावखलावर हजर झाला. गावच्या क्रुसाच्या सणाला करतात तशी झाडलोट झाली. पोरांनी पाण्यात उतरून प्लॅस्टिक काढलं, रोझमेरीबायने पताका बांधल्या. काठावरचा मातीचा ढीग फारच ओंगळ दिसत होता, म्हणून तो चांगला सपाट करून, वर पाणी मारून, चोपून, त्यावर मंडप घातला आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या. व्हिन्सेंट त्या दिवशी वसईला अर्जाची प्रत आणायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी तो मंडप पाहिला आणि खालीच बसले.

बुधवारी उन्नती नावाची वार्ताहर कॅमेरामनला घेऊन आली. समोर निळं पाणी, हिरवी केळी, रविवारचे कपडे घातलेला हसतमुख गाव, आणि व्हिन्सेंटच्या बायकोच्या, इनेझच्या हातचे गरम गरम फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. तिने दोन फुगे खाल्ले आणि इकडेतिकडे बघितलं.

"अंकल, मस्तच आहे सगळं. पण अन्याय कुठेय?"

"तुमच्या खुर्चीखाली," व्हिन्सेंट म्हणाले.

उन्नतीने खुर्चीखाली वाकून पाहिलं. तिथे चोपलेली जमीन होती. व्हिज्युअल नाही तर बातमी नाही, असं तिने समजावलं. मग निदान रागावून बोला म्हणाली. चर्चचा सूट घालून, पताकांखाली उभं राहून, व्हिन्सेंटनी जमेल तितकं रागावून घेतलं. बावखल आमच्या विहिरींचं पोट आहे, हे पाणी, ही हिरवाई मुंबईच्या इतक्या जवळ दुसरीकडे कुठे मिळणार, आणि ती हा बिल्डर मातीत घालतोय, असं सगळं ते बोलले. मधेच उन्नतीला ऑफिसचा फोन आला. फोन झाल्यावर तिचा चेहरा पडला होता. तिने शेवटचा प्रश्न विचारला, "अंकल, विकास हवा की नको?"

"विकास कोणाला नको? पण..."

"थँक यू," उन्नती म्हणाली आणि माईक खाली घेतला.

संध्याकाळी सगळा गाव लोपीसांच्या ओटीवर टीव्हीसमोर जमला. कार्यक्रम सुरू होताच पडद्यावर सौजन्य म्हणून त्याच बिल्डरचं नाव झळकलं. मग बावखल आलं, वरून, खालून, संगीतासकट. एका स्थानिक नेत्याने ही तळी जपली म्हणून निवेदकाने त्याचं कौतुक केलं, त्याचा हात जोडलेला फोटो दाखवला. बावखल कुठल्या बाजूला असतं हे त्या नेत्याला ठाऊक असेल तर व्हिन्सेंट नाव बदलायला तयार होते. शेवटी पडद्यावर सुटातले व्हिन्सेंट आले. "हे पाणी, ही हिरवाई मुंबईच्या इतक्या जवळ दुसरीकडे कुठे मिळणार?" असं म्हणाले, मग लगेच "विकास कोणाला नको?" म्हणाले, आणि लागलीच त्याच बिल्डरच्या सरोवरकाठच्या फ्लॅटची जाहिरात लागली.

मग रोझमेरीबायने हळूच विचारलं, "कितव्या मजल्यावर देतायत?"

त्या रात्री व्हिन्सेंट जेवले नाहीत. ज्या तोंडाने बावखल वाचवायला गेलो त्याच तोंडाने ते विकून आलो, असं ते इनेझला परत परत सांगत राहिले. सकाळी त्यांनी दुसऱ्या चॅनेलला फोन लावला. हे चॅनेल विरोधकांच्या बाजूचं, सरकारला रोज सोलून काढणारं. तिथला संपादक खूश झाला. तुम्ही फक्त मंत्र्यांना चोर म्हणा, आम्ही दिवसभर चालवतो, म्हणाला. मंत्र्यांनी माती टाकलेली नाही, बिल्डरने टाकली आहे, असं व्हिन्सेंटनी सांगितलं.

"बिल्डरचं नाव नको," संपादक म्हणाला. "ते आमच्याकडेही जाहिरात देतात."

व्हिन्सेंटनी फोन ठेवला. दोन चॅनेलांचं एकमेकांशी हाडवैर होतं, पण दोघांचा अन्नदाता एकच निघाला.

पुढच्या रविवारी मात्र भलतंच झालं. एव्हरशाईन सिटीतून, कांदिवलीतून, कुठून कुठून गाड्या आल्या. टीव्हीतलं ते तळं कुठे आहे, म्हणून लोक विचारत होते. फ्लॅट त्यांना त्याच तळ्यासमोर हवा होता, आणि काठावरची माती बघून एका बाईंनी बिल्डरच्या माणसाला चांगलं फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी डंपर आले. व्हिन्सेंट धावत गेले, तर डंपर माती भरत होते. सगळी माती उचलली. बिल्डरने स्वतः येऊन हात जोडले आणि बावखलाला आता कोणी हात लावणार नाही म्हणाला. फक्त रविवारी अंकलनी तो सूट घालून काठावर बसावं, गिऱ्हाइकांना आवडतं, एवढी विनंती त्याने केली.

व्हिन्सेंट चडफडले, पण बावखल वाचलं होतं. विहिरीचं पाणी पिताना त्यांना पहिल्यांदाच हसू आलं.

तेवढ्यात उन्नतीचा फोन आला. "अंकल, अभिनंदन! आमच्या बातमीचा दणका! बिल्डरनी तळं वाचवलं, आम्ही स्पेशल शो करतोय. उद्या येते. फक्त आधीची परिस्थिती दाखवायला मातीचा ढीग लागेल. आहे ना?"

"नाही. उचलला."

"अरे यार. बरं, नो प्रॉब्लेम. शो त्यांच्याच सौजन्याने आहे. शूटिंगपुरते दोन डंपर पाठवा म्हणून सांगते त्यांना."

व्हिन्सेंटनी फोन ठेवला. कपाटातला सूट काढून अंगात चढवला, ओटीवरची खुर्ची उचलली आणि डंपर यायच्या वाटेवर मधोमध मांडून बसले. इनेझनेही दुसरी खुर्ची आणून शेजारी टाकली. या वेळी तिने फुगे तळले नाहीत.