मोघ्यांचं स्पॅनिश

आमच्या ऑफिसातल्या मोघ्यांना स्पॅनिशमध्ये समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ विचारता येतं, पण "जेवलीस का?" एवढं विचारता येत नाही. ही भाषा ते फक्त प्रश्नपत्रिकांतून शिकले. 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे', 'आकृती पाहून उत्तर द्या', 'उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा' एवढंच त्यांचं स्पॅनिश. तेवढं मात्र अस्खलित.

मोघे साठीकडे झुकलेले. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बांधकाम कंपनीत आम्ही दोघं सिमेंट-सळ्यांचे हिशेब काढतो आणि भाडं परवडतं म्हणून लांब अजमानला राहतो. माझ्या गाडीत पुढे मोघे आणि मागे इरफानभाई. इरफानभाई दापोलीकडचे, कंपनीचं स्टोअर सांभाळतात. तीनशे अकरा नंबरच्या रस्त्यावर रोज सकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि तिथेच मोघ्यांचा वर्ग भरायचा.

विद्यार्थिनी म्हणजे त्यांची मुलगी, सानिका. राहते मेक्सिकोत. घटस्फोटानंतर मोघ्यांची बायको तिला घेऊन तिकडे गेली, तेव्हा सानिका पहिलीत होती. आईनं तिथे दुसरं लग्न केलं. सानिकाचं मराठी विरत विरत 'बाबा' या एका शब्दावर आलं. इंग्रजी शाळेपुरतं. बापलेकीत वाढदिवसाचे मेसेज तेवढे उरले. मग एकदा तिनं कळवलं की विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आहे, सगळे विषय एकत्र येतात, एकटीनं सराव करताना मी मागची उत्तरं बघते. मोघ्यांनी उलट टपाली कळवलं, आय विल आस्क.

शाळेत असताना त्यांना स्कॉलरशिप मिळाली होती. सराव प्रश्नसंचावर त्यांची जेवढी श्रद्धा तेवढी देवावर नाही. त्यांनी तिकडचे संच इंटरनेटवरून उतरवले, प्रश्नांखाली देवनागरीत उच्चार लिहिले आणि सुरुवात केली. आपली सकाळ ती तिची रात्र. इथे व्हॉट्सॲपवर फोन लागत नाही, म्हणून चालणारं एक ॲप घेतलं. वाटेत गाड्या अडल्या की माझ्या डॅशबोर्डवर सानिका उगवायची.

"बाबा, रेडी."

की मोघे सुरू. गणित, लगेच इतिहास, त्यावर जीवशास्त्र. "एका विषयात मन रमलं की माणूस फसतो, सामंत," असं ते मला समजावत. ही सवय मग अंगात भिनली. ऑफिसात घरभाड्याबद्दल बोलता बोलता मध्येच म्हणत, "बरं, विषय बदलला. पेशीभित्तिका कोणाला असते?" पर्यायांशिवाय तर त्यांना बोलवेचना. आमच्या लेबनीज साहेबांनी एकदा विचारलं, सळ्यांचे आकडे कधी मिळतील. मोघे म्हणाले, "सर, ए, टुडे. बी, टुमॉरो. सी, इन्शाल्ला. डी, नन ऑफ द अबव्ह." साहेब "सी" म्हणाले आणि निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत मी याची नक्कल करायचो. चांगली जमायची, लोक पोट धरून हसायचे. एकदा मोघे डबा घेऊन मागेच उभे होते. तेही हसले. हे लिहिताना मला मुळीच बरं वाटत नाही.

इरफानभाईंना स्पॅनिशचा गंध नाही, पण प्रत्येक प्रश्नाला ते मागून ठाम आवाजात "क" म्हणायचे.

"अहो, प्रश्न तरी कळला का?" मी एकदा विचारलं.

"कळून काय करायचंय सामंतसाब? चारात एकदा तरी बरोबर येतंच. तुमची मीटिंगमधली उत्तरं तेवढी पण येत नाहीत."

सानिका तिकडे खुदकन हसायची. मोघे गंभीरपणे 'क' चूक असल्याचं जाहीर करायचे.

खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. सकाळी शांतपणे बातम्या ऐकाव्यात एवढीच माझी इच्छा. म्हणून विचारलं, "मोघे, परीक्षा झाली की मग काय?"

"पास झाली की खलास."

"म्हणजे?"

"मग कशाला फोन करेल? आमच्यात बोलायला दुसरं आहे काय? नापास झाली तर मात्र पुढच्या खेपेला पुन्हा बसता येतं." ते खिडकीबाहेर पाहत होते. "तसं होऊ नये अर्थात."

त्यानंतरही मी त्या शांततेची वाट पाहत होतोच. फक्त आता ती वाट पाहताना चोरट्यासारखं वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सानिका दिसली ती रडतच. ती स्पॅनिशमध्ये भरभर बोलत होती. मोघ्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी इंग्रजीत "डोंट क्राय, डोंट क्राय" म्हणून पाहिलं. ती थांबेना. मराठीत "अगं बाळा" म्हणाले, तेही पोचलं नाही. मग त्यांनी घसा साफ केला आणि प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचना स्पॅनिशमधून, पाठ होत्या तशा, हळू आवाजात म्हणायला लागले. प्रत्येक प्रश्न लक्षपूर्वक वाचा. एकही प्रश्न रिकामा सोडू नका. न येणाऱ्या प्रश्नापाशी थांबू नका, पुढे चला. वेळेकडे लक्ष असू द्या.

त्याचा अर्थ त्यांनी मला नंतर सांगितला. तेव्हा फक्त एवढं दिसलं की पडद्यावरची मुलगी रडता रडता हसायला लागली आणि मोघे त्याच सूचना पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. मागून इरफानभाई काही बोलले नाहीत. 'क'सुद्धा नाही.

निकालही गाडीतच लागला. सानिका ओरडत होती, मागे तिची आई, आणखी कोणी कोणी. पास झाली होती. "बाबा, द केमिस्ट्री वन केम! द सेम!" एवढं म्हणेपर्यंत तिला कोणीतरी ओढून नेलं. "थँक यू बाबा, नाऊ यू रेस्ट," आणि पडदा काळा.

"मुबारक मोघेसाब," इरफानभाई म्हणाले. "आता चहा तुमच्याकडून."

पेट्रोल पंपावर गाडी घेतली. मोघ्यांनी तीन कप करक चहा आणला. इरफानभाई फोन घ्यायला बाजूला गेले, तेव्हा मोघे म्हणाले, "शेवटी शेवटी ती चुकतच नव्हती, सामंत. सगळं बरोबर. मला वाटायचं, एखादं चुकावं."

मी चहाचा घोट घेतला.

"मग ते केमिस्ट्रीचं चुकली. सामू, म्हणजे पीएच, एकाचा तीन, दुसऱ्याचा पाच, तर पहिलं किती पट आम्ल? ती दुप्पट म्हणाली. उत्तर माझ्या हातात होतं, शंभरपट. आणि मी तुम्हाला सांगतो, मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, राहू दे. बरोबर म्हणावं आणि पुढे जावं. तिला काय कळणार?"

"पण तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं. एकेका पायरीला दहापट असते, हे मला स्पॅनिशमध्ये सांगता येईना. बोटं दाखवून सांगितलं. आपण मिर्दिफपासून ऑफिसपर्यंत तेवढंच करत होतो, आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हा मी वैतागून काच खाली केली होती.

"तेच आलं," ते म्हणाले. चहा त्यांनी अजून तोंडाला लावला नव्हता. मग त्यांनी मला विचारलं, "बरं केलं ना मी?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आम्ही निघालो. रस्ता त्या दिवशी नेमका मोकळा होता. मी बातम्या लावल्या नाहीत. मोघे भरलेला कप दोन्ही हातांत धरून बसले होते, आणि तो सांडू नये म्हणून मी वळणावर गाडी अगदी हळू घेतली.