पहाटे साडेपाचचा राउटर

आमचा राउटर आठवड्यातून दोनदा रुसायचा. मग मी प्लग काढायचा, दहा आकडे मोजायचे आणि परत लावायचा. ऑफिसात मला सगळे 'कॉम्प्युटरवाले साहेब' म्हणतात (प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढतो), तेव्हा घरी असली हमाली मला कमीपणाची वाटू लागली. त्यात रविवारी आपल्याकडच्या सकाळी अकराला सिंगापुरात मेहुण्याच्या, बसूच्या, मुलीचं बारसं. माझी बायको चंद्रिका बाळाची आत्या. तिचा पासपोर्ट काही वेळेत आला नाही, म्हणून नाव भवानी पेठेतूनच, लॅपटॉपवरून, बाळाच्या कानात सांगायचं ठरलं. नाव तिनंच निवडलेलं, पण मला सांगितलं नव्हतं. ("तुमच्या पोटात काय राहतंय व्हय?")

शनिवारी संध्याकाळी मी राउटरची सेटिंग उघडली. 'रोज आपोआप रीस्टार्ट' असा पर्याय दिसला. वेळ टाकली पहाटे साडेपाच. घर झोपेत असताना तो आपला आपण बंद होईल आणि ताजातवाना होऊन उठेल, असा हिशेब.

रविवारी चंद्रिका इरकल नेसून बसली. पडद्यावर पाळणा आणि भोवती पाहुणे. बरोब्बर अकराला तिनं लॅपटॉपपाशी तोंड नेलं, "कुर्र..." म्हणाली आणि बसूचा चेहरा उघड्या तोंडानं तसाच थांबला. राउटरचे दिवे गेले होते.

"काय केलं तुमी?"

"आज कशालाही हात लावला नाही," मी म्हणालो. (खरंच होतं. लावला होता काल.)

तीन मिनिटांनी बसू परत दिसला. सगळं ऐकून म्हणाला, "दाजी, राउटरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं असणार. त्याची पहाट आत्ता झाली. नंतर बदला, आधी नाव होऊ दे."

नंतर कशाला? चूक कळली की लगेच निस्तरणारा माणूस मी. मोबाईलवर सेटिंग उघडली, घड्याळ भारताचं केलं आणि सेव्ह दाबलं. नवी वेळ घ्यायला राउटरला एकदा बंद होऊन चालू व्हावं लागतं, हे त्यानं सेव्ह दाबून झाल्यावर मला सांगितलं. चंद्रिका पुन्हा "कुर्र"पर्यंतच पोचली होती.

या वेळी ती चिडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकुलत्या भावाची पहिली पोर हाय," ती म्हणाली, "आन् आत्या हितं भिंतीशी बोलतीय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून ती फोन घेऊन तडक शेजारच्या सिद्धेश्वरीवहिनींच्या वायफायवर गेली. मी दिवे हिरवे व्हायची वाट बघत बसलो. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा आमचा दुसरा दिवा लागत होता.

परत आल्यावर तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला, लॅपटॉप ओढला आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदलून टाकला.

"नवा काय ठेवलास?"

"बाळाचं नाव."

"आणि बाळाचं नाव काय ठेवलंस?"

"का? तुमी नव्हता व्हय बारशाला?"

बसूला विचारलं, तर म्हणाला, "दाजी, ताईनं शपथ घातलीय."

आज अठरा दिवस झाले. राउटर रुसला की मी प्लग काढतो आणि दहा आकडे मोजतो. भाचीची चौकशी करताना 'बाळ कसं आहे' एवढंच म्हणतो. काल वहिनींकडे व्हिडिओवर म्हणे सगळ्यांनी तिला नावानं हाक मारली आणि ती हसली. मी तेव्हा सातपर्यंत आलो होतो.