नाक्यावर जमा करायचे डोळे

आमच्या गावच्या बाईने घाट चढण्याआधी दोन्ही डोळे काढून खालच्या नाक्यावर जमा करायचे, असा नियम आहे. वर हवेचा दाब कमी असतो. बाईचा डोळा नाजूक, तो फुगतो आणि जातो. पुरुषांचे टिकतात. का, ते विचारायचं नाही, हे मला पाचव्या वर्षीच सांगितलं होतं.

परवा आम्ही वर निघालो ते माझ्यासाठी मुलगा बघायला. जीपमध्ये आजोबा, विश्रामकाका, आई आणि मी. नाक्यावर आईने सवयीने डोळे काढून डबीतल्या पाण्यात सोडले. कारकून सुर्व्यांनी माझी डबी पुसून तयार ठेवली होती.

"मी देणार नाही," मी म्हणाले.

"सही डाव्या बाजूला," सुर्वे म्हणाले.

"मी बघितलाय की मुलगा," काका म्हणाले. "चांगला आहे. तुला आणखी काय बघायचंय?"

"लग्न तुम्ही करणार आहात का त्याच्याशी?"

"बीएस्सी केलंस ना, म्हणून ही जीभ."

"बीएस्सीला हवेचा दाबही होता, काका. सातशे मीटरवर तो फार तर आठ टक्के उतरतो. कानाला दडे बसतील. डोळ्यात पाणी असतं, ते फुगत नाही."

"आणि बाईच्या डोळ्यात?" सुर्व्यांनी गंभीरपणे विचारलं.

"पाणीच."

सुर्व्यांनी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं. मग नियमाला पुरावा आहे हे दाखवायला त्यांनी जुनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. घाटात आजवर गेलेला डोळा एकच होता. मी मोठ्याने वाचलं.

"सन सत्त्याऐंशी. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी डोळ्यात वायू भरला होता व तो विरेपर्यंत घाट चढू नये असे बजावले होते. रुग्ण चौथ्या दिवशी वर बारशाच्या जेवणास गेला. दाब उतरताच वायू फुगला. डोळा कायमचा गेला. रुग्ण पुरुष, वय बेचाळीस."

पुढे आजोबांचं नाव होतं. त्याखाली, दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, बायकांसाठीचा नियम.

आजोबांनी काचेचा डोळा माझ्याकडे वळवला. "जिलब्या होत्या," ते म्हणाले.

"मग नियम पुरुषांना का नाही लावला?"

"नियम केला त्या सभेला पुरुषच होते. स्वतःचे डोळे कोण काढून देईल?"

"झालं बोलून?" काका म्हणाले. "पाहुणे खोळंबलेत. उतरताना परत मिळतात, ऋजुता. उगाच तमाशा नको."

मी रिकामीच डबी झाकण लावून सुर्व्यांना परत केली.

सुर्व्यांनी पेन उचललं. आजवर कुणी नकार दिला नव्हता, तरी वहीत त्याचा रकाना आखलेला होता.

"नकाराचं कारण?"

"मुलगा बघायला चालले आहे."

त्यांनी तसंच लिहिलं आणि टीपकागद दाबला.

आईने चाचपडत टेबलाची कड पकडली. "माझ्याही नावापुढे लिहा, सुर्वेभाऊ. वर माझं माहेर आहे. लग्न होऊन खाली आले, तेव्हापासून बघितलेलं नाही."

सुर्व्यांनी तेही लिहिलं आणि तिची डबी उघडून दिली.

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा बाहेर घाटाकडे बघत राहिले. आई डोळे बसवत होती.